ॲमेझॉनच्या मुंबईतील क्लाउड डिस्क : एसएसडीचे पैसे कुठे वसूल होतात

क्लाउडवर सर्व्हर घेताना प्रोसेसर किती आणि मेमरी किती यावर तासभर खल होतो, आणि डिस्कच्या रकान्यात जे आधीच भरलेले असते त्यावर टिचकी मारून मंडळी पुढे जातात. काही महिन्यांनी संकेतस्थळ रखडू लागले की प्रोसेसर वाढवला जातो, देयक वाढते, आणि संकेतस्थळ पूर्वीइतकेच रखडत राहते. डिस्कच्या त्याच दुर्लक्षित रकान्याचे हे परीक्षण आहे. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसने २७ जून २०१६ रोजी मुंबई रीजन, म्हणजे तिथला डेटा सेंटरांचा समूह, सुरू केला, पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादची भर पडली, आणि महाराष्ट्रातील अनेक लहानमोठ्या संस्थांची माहिती आज या मुंबई रीजनमध्ये ठेवलेली आहे. मी पाहतो ती कामे मध्यम आकाराची आहेत : संस्थांची संकेतस्थळे, हिशेबाची सॉफ्टवेअर, एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांचा स्कॅन केलेला संग्रह. त्यामुळे हे मत अशाच ग्राहकाच्या चष्म्यातून वाचावे. मोठ्या बँकेचे गणित वेगळे असते.

क्लाउडवरील साठवणुकीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला ब्लॉक साठवणुकीचा, म्हणजे सर्व्हरला जोडली जाणारी आणि त्याला आपलीच वाटणारी डिस्क. ॲमेझॉनकडे तिचे नाव ईबीएस, आणि ती २००८ पासून उपलब्ध आहे. दुसरा फाइल साठवणुकीचा, ज्यात एकच फोल्डर अनेक सर्व्हरना एकाच वेळी उघडता येते; ईएफएस ही सेवा या प्रकारातली. ती सोयीची असली तरी दर गिगाबाइटमागे महाग पडते, म्हणून एकाहून अधिक सर्व्हरना तीच फाइल खरोखर लागत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रकार ऑब्जेक्ट साठवणुकीचा, म्हणजे मार्च २००६ मध्ये सुरू झालेली एस-३. तिथे फाइल अख्खी ठेवायची आणि अख्खी किंवा तिचा तुकडा मागवायचा. मधली एक ओळ जागच्या जागी बदलण्याची सोय नाही. डेटाबेस एस-३ वर चालवता येत नाही आणि दहा वर्षांची छायाचित्रे ईबीएसवर ठेवण्यात शहाणपण नाही, एवढे ध्यानात आले की निम्मी निवड झाली. उरलेली निम्मी ईबीएसच्या पोटात आहे, आणि एसएसडीचा, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचा, प्रश्न तिथेच येतो.

एसएसडीचा खरा फायदा कोणता, हे फिरत्या तबकडीच्या हिशेबातून चटकन कळते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, सुमारे ४.१७ मिलिसेकंद, नुसती वाट पाहावी लागते. त्याआधी शीर्षाला योग्य रेषेवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. दोन्ही मिळून सुमारे तेरा मिलिसेकंद धरले, तर विखुरलेल्या जागांवरून अशी डिस्क सेकंदाला ७५ ते ८० वाचनेच करू शकते, मग वाचायचे चार किलोबाइट असोत की चाळीस. यात उत्पादकाचा दोष नाही, ही यंत्राची मर्यादा आहे. एसएसडीत काही फिरतच नाही. माहिती नँड फ्लॅश पेशींमध्ये विद्युतभाराच्या रूपाने असते आणि कोणत्याही जागेवरून ती साधारण सारख्याच वेळात मिळते. चांगली एनव्हीएमई डिस्क (वेगवान जोडणीची एसएसडी) एक वाचन सुमारे शंभर मायक्रोसेकंदांत उरकते. सलग वाचनात हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्यात काही पटींचा फरक पडतो, तर विखुरलेल्या वाचनात तो शेकडो पटींचा होतो. डेटाबेसचे काम जवळजवळ सगळे विखुरलेले असते, आणि व्हिडिओ, स्कॅन वा बॅकअप यांचे जवळजवळ सगळे सलग. जाहिरातीतले मेगाबाइटचे मोठे आकडे वाचताना हा भेद सुटतो.

जुन्या हार्ड डिस्कचा ठसा सॉफ्टवेअरवरही किती खोल आहे, याचा एक नमुना पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पाहायला मिळतो. विखुरलेले एक पान वाचणे हे सलग पान वाचण्याच्या चौपट महाग, असे गृहीत धरून तो आपली वाट ठरवतो. ‘रँडम पेज कॉस्ट’ या सेटिंगचे मूळ मूल्य ४.० आहे. एसएसडी घेतल्यावर हे मूल्य १.१ च्या आसपास आणावे, अशी जाणकारांची रीत आहे. ते न केल्यास महागडी डिस्क घेऊनही डेटाबेस इंडेक्स (नोंदी शोधण्याची सूची) बाजूला ठेवून अख्खे टेबल चाळत बसू शकतो. डिस्कचे पैसे भरून तिचा उपयोग न करून घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता क्लाउडमधील एसएसडी आणि लॅपटॉपमधील एसएसडी यांतला फरक. ईबीएसची डिस्क सर्व्हरच्या पेटीत नसते. ती त्याच डेटा सेंटर समूहातील दुसऱ्या यंत्रावर असते आणि नेटवर्कवरून जोडलेली असते. म्हणून प्रत्येक वाचनाला नेटवर्कच्या जाण्यायेण्याचा वेळ लागतोच. सर्वसाधारण वापराच्या डिस्कसाठी ॲमेझॉन स्वतःच ‘एक-अंकी मिलिसेकंद’ असे सांगते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. एका वाचनाला एक मिलिसेकंद लागत असेल आणि आपला प्रोग्रॅम एक उत्तर हाती आल्यावरच पुढची मागणी करणारा असेल, तर तो सेकंदाला हजारापेक्षा अधिक वाचने करूच शकत नाही, मग डिस्कच्या माहितीपत्रकावर तीन हजार लिहिलेले असोत की तीस हजार. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एकामागून एक नोंदी टाकणारी आयात रात्रभर चालते आणि डिस्क मात्र निवांत दिसते, ते यामुळे. तिथे अधिक आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचन-लेखने) विकत घेऊन काही साधत नाही. नोंदी गठ्ठ्याने टाकाव्या लागतात किंवा काम समांतर करावे लागते.

हे तपासायला अवघड नाही. लिनक्सवर आयओस्टॅट ही आज्ञा चालवून ‘आर-अवेट’ आणि ‘डब्ल्यू-अवेट’ हे रकाने पाहावेत. एका वाचनाला आणि एका लेखनाला सरासरी किती मिलिसेकंद लागत आहेत, ते तिथे दिसते. आकडा एक-दोनच्या घरात असेल तर डिस्क बिचारी निर्दोष आहे. तो वीस-तीसवर गेला आणि रांगही लांबलेली दिसली, तर मात्र डिस्कची मर्यादा गाठली गेली आहे.

ईबीएसमध्ये सर्वसाधारण वापरासाठी दोन एसएसडी प्रकार आहेत : २०१४ मध्ये आलेला जीपी-२ आणि डिसेंबर २०२० मध्ये आलेला जीपी-३. या दोहोंतील फरकातच या परीक्षणाचा गाभा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. जीपी-२ मध्ये वेग आकाराला बांधलेला आहे. दर गिगाबाइटमागे तीन आयओपीएस मिळतात, किमान शंभर. म्हणजे वीस गिगाबाइटची डिस्क घेतली तर तिचा कायमचा हक्क सेकंदाला शंभर वाचन-लेखनांचा, अर्थात हार्ड डिस्कहून फारसा सरस नाही. पण ग्राहकाला ते सुरुवातीला जाणवत नाही, कारण प्रत्येक लहान डिस्कला चोपन्न लाख क्रेडिटची शिल्लक दिलेली असते आणि ती असेपर्यंत डिस्क सेकंदाला तीन हजारांच्या गतीने धावू शकते. पूर्ण गतीने ही शिल्लक अर्ध्या तासात संपते. त्यानंतर डिस्क शंभरावर येते, आणि रिकामी झालेली शिल्लक सेकंदाला शंभराच्या वेगाने पुन्हा भरायला पंधरा तास लागतात, तेही मधल्या काळात डिस्कला कोणी हात लावला नाही तर. सकाळी अकरापर्यंत व्यवस्थित चालणारे आणि दुपारी बसकण मारणारे संकेतस्थळ पाहिले की मी सर्वांत आधी क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेतील ‘बर्स्ट बॅलन्स’चा, म्हणजे उरलेल्या शिलकीचा, आलेख उघडतो. उतरणीवरून खाली येऊन शून्यावर आडवी झालेली रेषा दिसली की पुढची तपासणी करण्याचे कारण उरत नाही.

जीपी-३ ने ही उधारउसनवारी संपवली. डिस्क एक गिगाबाइटची असो वा हजाराची, तीन हजार आयओपीएस आणि सेकंदाला १२५ मेबिबाइटचा (एकक साधारण मेगाबाइटएवढेच) थ्रूपुट, म्हणजे माहिती वाहण्याचा वेग, कायम मिळतो. क्रेडिट नाही, शिल्लक नाही. त्याहून अधिक हवे असेल तर आकार न वाढवता आयओपीएस आणि थ्रूपुट वेगळे विकत घेता येतात. आणि दर गिगाबाइटचा दर जीपी-२ पेक्षा वीस टक्क्यांनी कमी आहे. अधिक चांगली वस्तू कमी पैशांत मिळते असे या धंद्यात क्वचित घडते, तेव्हा संशय येणे साहजिक आहे; पण लहान डिस्कच्या बाबतीत मला इथे काही खोट सापडलेली नाही. जुन्या डिस्कचा प्रकार चालू सर्व्हरवर, तो बंद न करता बदलता येतो. आश्चर्य एवढेच की जीपी-२ अजूनही सर्वत्र सापडतो, कारण जुन्या मशीन इमेजमध्ये (सर्व्हरच्या साच्यात) तोच प्रकार नोंदलेला असतो आणि त्यावरून तयार केलेला प्रत्येक नवा सर्व्हर तोच वारसा पुढे नेतो.

मोठ्या डिस्कच्या बाबतीत मात्र घाई करू नये. दोन हजार गिगाबाइटच्या जीपी-२ डिस्कला सहा हजार आयओपीएस आकारामुळेच मिळत असतात आणि थ्रूपुट अडीचशे मेबिबाइटपर्यंत जातो. ती जीपी-३ मध्ये बदलताना आयओपीएस आणि थ्रूपुटच्या रकान्यांत तीन हजार आणि १२५ हेच आकडे राहून गेले, तर डिस्क निम्म्या वेगावर येते आणि स्वस्ताईचा आनंद दुसऱ्याच दिवशी मावळतो. आकार साधारण एक हजार गिगाबाइटच्या वर असेल तर बदलापूर्वी दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि नव्या डिस्कवर तेच भरावेत. बहुतेक वेळा तरीही बचत होते. थ्रूपुटचा फरक तर १७० गिगाबाइटच्या पुढे क्रेडिट असेपर्यंत आणि ३३४ पासून कायमचा पडतो, हेही लक्षात असू द्यावे. आणखी एक मर्यादा : ईबीएसची डिस्क मोठी करता येते, लहान करता येत नाही. त्यामुळे ‘असू दे जास्तीची’ म्हणून घेतलेली जागा देयकात कायमची राहते, किंवा नवी लहान डिस्क जोडून माहिती हाताने हलवावी लागते.

डिस्क बदलूनही गती वाढली नाही, अशी तक्रार ऐकू आली तर सर्व्हरचा प्रकार पाहावा. डिस्कपर्यंत जाणारा रस्ता सर्व्हरच्या मापाचा असतो, आणि स्वस्त सर्व्हरचा रस्ता अरुंद असतो. टी-३ मालिकेतील मायक्रो सर्व्हरचा कायमचा हक्क केवळ ५०० आयओपीएसचा आहे, मीडियमचा २,००० चा. त्यावरचा वेग थोडा काळच मिळतो, दिवसातून निदान एकदा अर्धा तास एवढीच त्याची हमी. तेव्हा मायक्रो सर्व्हरला जोडलेल्या जीपी-३ चे तीन हजार बराचसा काळ कागदावरच राहतात. विक्रीच्या पानावर डिस्कचे आकडे ठळक असतात आणि सर्व्हरची ही मर्यादा दुसऱ्याच पानावरच्या लांबलचक तक्त्यात असते. माझी या सेवेविषयीची पहिली नाराजी हीच आहे.

हार्ड डिस्कचे दोन प्रकार ईबीएसमध्ये अजून आहेत, एसटी-१ आणि एससी-१, आणि ते जीपी-३ पेक्षा बरेच स्वस्त आहेत. त्यांच्यावरून सर्व्हर सुरू करता येत नाही. एक टेबिबाइटच्या (सुमारे हजार गिगाबाइटच्या) एसटी-१ डिस्कला सेकंदाला ४० मेबिबाइट कायमचे मिळतात आणि क्रेडिट असेपर्यंत अडीचशेपर्यंत जाता येते. पण खोच अशी की तिथे प्रत्येक विखुरलेली मागणी, ती चार किलोबाइटची असली तरी, एका मेबिबाइटच्या हिशेबाने मोजली जाते. क्रेडिट संपल्यावर तीच डिस्क सेकंदाला अवघी चाळीस विखुरलेली वाचने देते. नियतकालिकाच्या संग्रहात हा फरक डोळ्यांना दिसतो. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केले की संपीडन न केलेली टिफ फाइल सुमारे २६ मेगाबाइटची होते. अशा फाइली रांगेने वाचून त्यांचे पीडीएफ बनवणाऱ्या कामाला एसटी-१ पुरेशी पडते. एसएसडीवर तेच काम कदाचित थोडे लवकर होईल, पण वेळ मुख्यतः प्रोसेसरचा जातो. त्याच पानांच्या दहा-दहा किलोबाइटच्या हजारो लघुचित्रांची यादी मात्र एसटी-१ वरून दाखवायला गेले तर पान उघडेपर्यंत वाचक निघून गेलेला असतो. लघुचित्रे आणि डेटाबेस एसएसडीवर, मूळ स्कॅनचे चालू काम हार्ड डिस्कवर, अशी वाटणी मला योग्य वाटते. एससी-१ ची गती याहून कमी आहे, दर टेबिबाइटमागे १२ मेबिबाइट, आणि तिची जी गिऱ्हाइके असू शकतात ती एस-३ वर अधिक सुखी राहतील.

वरच्या टोकाला आयओ-२ आहे. टिकाऊपणा हे तिचे मोठे वैशिष्ट्य. जीपी-३ साठी वार्षिक बिघाडाचे प्रमाण ०.१ ते ०.२ टक्के सांगितले जाते, म्हणजे हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर एक-दोन दगा देतील अशी अपेक्षा. आयओ-२ साठी हेच प्रमाण ०.००१ टक्का आहे. ज्यांना ही डिस्क लागते त्यांना ती का लागते हे आधीच ठाऊक असते, आणि इतरांनी तिच्या दराकडे पाहून परत फिरावे.

एक प्रकार बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो इन्स्टन्स स्टोअरचा, म्हणजे काही सर्व्हरच्या पेटीतच बसवलेल्या एनव्हीएमई डिस्कचा. नेटवर्क मध्ये नसल्याने लॅपटॉपवरच्या एसएसडीसारखा चपळपणा तिथेच मिळतो. पण सर्व्हर थांबवला की तिच्यावरचे सगळे जाते. तात्पुरत्या फाइली आणि कॅश यांच्यासाठी उत्तम; मूळ माहितीसाठी अजिबात नाही.

एसएसडीचे काही उपजत दोषही आहेत. पेशींवर पानापानाने लिहिता येते, पण पुसताना अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. पुसण्यालिहिण्याच्या फेऱ्या मर्यादित असतात, आणि एका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या क्यूएलसी प्रकारात तर त्या आणखी कमी. स्वतःच्या कार्यालयात एसएसडी घेताना ही झीज, हमीच्या पत्रकातला टीबीडब्ल्यूचा (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचा) आकडा आणि अचानक मरण्याची तिची खोड हे सारे आपल्याला पाहावे लागते. क्लाउडवर ही चिंता पुरवठादाराची असते. पेशी झिजल्या तर डिस्क बदलणे त्याचे काम, आणि आपल्याला कळतही नाही. क्लाउड एसएसडीच्या दराचा काही भाग या निश्चिंतीसाठी असतो आणि तो मला वाजवी वाटतो.

मात्र ही निश्चिंती बॅकअपपर्यंत ताणू नये. ईबीएसची डिस्क एकाच ॲव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधील डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटात) असते. त्या झोनवर संकट आले तर तिथली डिस्क हाती लागणार नाही. उपाय स्नॅपशॉटचा (डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीचा) : तो एस-३ वर जातो, पहिल्यानंतर फक्त बदललेले ब्लॉक साठवतो, आणि त्यावरून दुसऱ्या झोनमध्ये नवी डिस्क उभी करता येते. इथेही बारीक अट आहे. स्नॅपशॉटवरून बनवलेली डिस्क लगेच ‘उपलब्ध’ दिसते, परंतु तिच्यातला प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा मागितला जातो तेव्हा तो एस-३ वरून ओढून आणला जातो, आणि तोवर ती एसएसडी असूनही एसएसडीसारखी वागत नाही. डेटाबेस पूर्ववत केल्यावर पहिला तास तो अडखळत चालतो, त्यामागे बहुधा हेच असते. सगळे ब्लॉक एकदा वाचून घेणे हा बिनखर्ची उपाय, आणि फास्ट स्नॅपशॉट रिस्टोअर हा पैसे मोजून घ्यायचा. संकटाच्या वेळी हे प्रथमच कळू नये म्हणून रंगीत तालीम करून ठेवावी.

एस-३ विषयी थोडक्यात, कारण तिथे एसएसडी की हार्ड डिस्क हा प्रश्न ग्राहकाला पडतच नाही. टिकाऊपणासाठी नव्याण्णवच्या पुढे दशांशचिन्हानंतर नऊ वेळा नऊ असा आकडा दिला जातो आणि नेहमीच्या श्रेणीतील माहिती किमान तीन झोनमध्ये ठेवली जाते. आमच्या संग्रहातील मूळ टिफ फाइलींसारखा जुना ऐवज ग्लेशियर डीप आर्काइव्ह श्रेणीत टाकणे सर्वांत स्वस्त. फक्त परत मागवल्यावर बारा तासांपर्यंत थांबावे लागते आणि १८० दिवसांच्या आत काढून टाकले तरी त्या मुदतीचे पैसे पडतात. ‘क्वचित वापर’ श्रेणीत १२८ किलोबाइटहून लहान फाइलही १२८ ची धरून आकारणी होते, तेव्हा लघुचित्रे तिथे पाठवून बचत होईल असे समजू नये.

देयकाबाबत दुसरी नाराजी. दर डॉलरमध्ये वाचायचे, देयक रुपयांत भरायचे आणि वर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे डिस्कचा खरा मासिक खर्च पानावरून सहज उमगत नाही. त्यातच ईबीएसची आकारणी आपण किती जागा घेतली यावर होते, किती भरली यावर नाही. पाचशे गिगाबाइटच्या डिस्कवर चाळीस भरलेले असले तरी पैसे पाचशेचे. सर्व्हर बंद ठेवला तरी त्याच्या डिस्कचे मीटर चालू राहते, आणि सर्व्हर कायमचा काढून टाकल्यावरही मागून जोडलेल्या डिस्क बहुधा तशाच उरतात. कन्सोलमधील (ॲमेझॉनच्या नियंत्रण पानावरील) व्हॉल्यूमच्या, म्हणजे डिस्कच्या, यादीत ‘अव्हेलेबल’ असे लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे कशालाही न जोडलेली पण पैसे खाणारी डिस्क. जीपी-३ कडे जाण्याआधी ती यादी उघडावी, हवे असेल त्याचा स्नॅपशॉट घ्यावा आणि बाकीच्या ओळी काढून टाकाव्यात. कित्येक ठिकाणी वीस टक्क्यांच्या दरकपातीपेक्षा अधिक पैसे तिथेच सुटतात.